उलट्या सीटवरून पाहिलेलं शहर

तीर्थस्वरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण माझ्या कमरेची अवस्था पाहता तो खोटा ठरेल, म्हणून नुसताच नमस्कार, उभ्याउभ्या. (नात्याने तुम्ही माझ्या आकडसासू, एवढी सूट द्यावी.) तुमची तब्येत कशी आहे, सूनबाई औषधं वेळेवर देतात की नाही, ते सविस्तर कळवा. मी ठीक आहे. दुकान उघडतो, मशीन चालते, दोन घास पोटात जातात. तुमची धाकटी बहीण गेली त्याला पुढच्या आठवड्यात दहा महिने होतील.

लिहायचं कारण असं, की हल्ली मी रविवारी बसने हिंडतो. हसू नका. चाळीस वर्षं इथे कपडे शिवणारा माणूस आता शहर बघायला निघाला, म्हणजे वरातीमागून घोडं, हे मलाही कळतं. हिने जन्मभर आर्किटेक्टच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले आणि रविवारी तीच घरं बघायला बसने जायची. निघताना विचारायची, "येताय का?" मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. सुटीच्या दिवशीच लोक मापं द्यायला येतात हे खरं. पण एक रविवार मी माप घेतलं नसतं तर शहर काही उघडं पडलं नसतं. ती गेल्यावर कपाटात एक वही सापडली. चोवीस पानं, एका पानाला एक बस. कुठल्या वळणानंतर, कुठल्या बाजूला, काय बघायचं, सगळं लिहिलेलं. तेव्हा ठरवलं, जिवंतपणी नाही तर नाही, पण हिच्याबरोबर एकदा सगळं बघून व्हावं. तेवीस बस झाल्या. चोविसावीपाशी अडलो आहे, त्याचं पुढे लिहितो.

आमचं शहर तुम्ही पाहिलंय. चढावर इतक्या दाटीने घरं, की एकाची गच्ची ते दुसऱ्याचं अंगण, आणि मध्ये सुईत दोरा ओवावा तशी बस जाते. पहिल्या रविवारी सतरा नंबरात बसलो. वहीत होतं, "तिसऱ्या वळणानंतर डावीकडे गोल मनोरा, जिना बाहेरून. बघण्यासारखा." तिसऱ्या वळणानंतर डावीकडे गाद्यांच्या गोदामाची भिंत आली, तिच्यावर 'येथे लघवी करू नये'. मी मनात म्हटलं, आपल्याला त्यातलं काय कळतंय, नकाशेवालीची नजर वेगळी. आणि भिंत मनोभावे बघितली. पुढच्या रविवारी "कोरीव सज्जे" म्हणून विजेचा खांब बघितला, त्याच्या पुढच्या रविवारी "सुरेख कमान" म्हणून बंद पडलेली पिठाची गिरणी. शेजारच्या सीटवरच्या एका निवृत्त मास्तरांनाही मी ती गिरणी समजावून दिली. ते पुढच्या स्टॉपवर उतरले. (त्यांचा तो स्टॉप नसावा.) ताई, असे अकरा रविवार गेले. रात्री वाटायचं, चाळीस वर्षांच्या संसारात हिला काय आवडायचं ते मला कधी समजलंच नाही.

उलगडा केला कंडक्टरने. वही बघून म्हणाला, "काका, ही त्या वहीवाल्या बाईंची ना? अहो, त्या उलट्या बसायच्या. ड्रायव्हरच्या मागची ती सीट, त्याच्याकडे पाठ करून. म्हणायच्या, चढताना पुढे बघितलं तर नुसता रस्ता दिसतो, मागे बघितलं तर शहर दिसतं." म्हणजे तिचं डावं ते माझं उजवं! अकरा रविवार मी शहराची चुकीची बाजू बघत होतो. मग त्या अकरा बस पुन्हा केल्या, उलटं बसून. मला उलटं बसलं की मळमळतं. चौथ्या वळणावर माझी टोपी कामी आली, ती आता टाकून दिली आहे. पण मनोरा दिसला, ताई. सज्जे दिसले. कमान अशी, की तिच्या कडेचं काम बघून माझ्यातल्या शिंप्याने मान डोलावली. मी बसमध्ये मोठ्याने म्हणालो, "अगं, खरंच की." कंडक्टर भला माणूस, त्याने खिडकीबाहेर बघितलं.

आता चोविसावं पान. बस एकतीस. तिचा शेवटचा स्टॉप मोठं इस्पितळ, आणि पानावर चौदा तारखा, सगळे मंगळवार. आजार मला शेवटच्या दीड महिन्यात कळला. ही मात्र वर्षभर एकटी जात होती. मंगळवारी ती तुमच्याकडे जाते असं मला सांगायची, आणि मी मान खाली घालून "हं" म्हणायचो. ही एकतीस नंबर आमच्या दुकानावरूनच जाते, ताई. त्या पानावर मनोरा नाही, कमान नाही. प्रत्येक तारखेसमोर एकच नोंद: "उजवीकडे शिंप्याचं दुकान. कामात आहेत." चौदापैकी एकदाही मी मान वर केली नाही. परवा त्या बसमध्ये चढलो आणि दुकानाच्या स्टॉपवरच उतरलो. पुढे जाववलं नाही.

असो. तुम्हाला रडवायला पत्र लिहिलं नाही, की काही विचारायलाही नाही. मुलांना आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता. क. तुमच्या दोन पोलक्यांची मापं आहेत माझ्याकडे. जाड झाला असाल तर तसं स्पष्ट कळवा, भीड नको.

दुसरा ता. क. विचारायचं नाही म्हटलं, ते खोटं. त्या मंगळवारांपैकी एकदा तरी ती तुमच्याकडे आली होती का? तुम्हाला तिने आजाराचं सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तसं लिहा. माझ्यापासून लपवलंत म्हणून मी रागावणार नाही, शप्पथ. आणि सांगितलं नसेल, तरी ताई, सांगितलं होतं असंच लिहा.