कोऱ्या तळाचे बूट

आई,

मी डोंगरात चालायचे बूट घेतलेत. हसू नकोस. श्रीरामपूरसारख्या पोलपाटाएवढ्या सपाट गावात जिची जन्माची चढण म्हणजे शाळेचा दुसरा मजला, त्या बाईनं निवृत्तीनंतर नगरला जाऊन हे बूट आणलेत. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाटीवरही तसंच लिहितात, पण तुझ्याशी बोलताना तोंडात जुनंच येतं. निमित्त असं झालं, की उन्हाळ्यात एक फोन आला, तुझ्या उपकेंद्राच्या वरच्या वाडीतून. तुझ्याबरोबर औषधांची पेटी घेऊन वाड्यावाड्यांवर चालणारी ती दाई अजून आहे, आई. तिच्या सुनेनं माझा नंबर कुठूनसा मिळवला होता. "म्हातारीला आता दिसत न्हाई," ती म्हणाली, "पर रोज म्हनती, नर्सबाईच्या पोरीला एकदा बोलवा. तिला खाली आनता येत न्हाई, तुमीच या. गाडी खालच्या वाडीपत्तुर येती. तिथून वढा वलांडून तासाभराचं चढन हाय, समदा दगूड." मी "येते" म्हणून बसले. तुझ्याबरोबर चाललेलं माणूस आता तेवढं एकच उरलंय.

दुकानात सकाळी अकराला पोचले, तर दुकानदारानं बूट दाखवायलाच नकार दिला. चाळिशीचा माणूस, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जाणारा. मला वर्गात असे आगाऊ विद्यार्थी कधी आवडले नाहीत. "मॅडम, सकाळी बूट घेऊ नका," म्हणाला, "माणूस चालला का पाय फुगतो. संध्याकाळी या, आन येताना जाड मोजे घेऊन या. बरोबर कोन हाय? डोंगरात एकटं जायाचं नसतं." "ग्रुप आहे," मी सांगितलं. ग्रुप! घरात सकाळी भाकरी एक टाकायची का दीड एवढाच ज्या बाईला विचार करावा लागतो, तिचा ग्रुप. मग पाच वाजेपर्यंत बाजारात नुसती हिंडले, पाय फुगावेत म्हणून. मोजे घेतले. एका हॉटेलात दोनदा चहा घेतला. पाय फुगतो, हे त्यानं किती सहज सांगितलं. मला हे पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

आपल्या घरात चपला-बूट आणायची रीत तुला आठवते ना? मावशी कुणाला दुकानात नेतच नसे. सुतळी घ्यायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची, गाठ मारायची आणि ती सुतळी घेऊन बाजाराला जायचं. शिलाई मशीनच्या खणात घरातल्या प्रत्येकाची सुतळी असायची. तुझी तेवढी नव्हती, कारण तू पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी संध्याकाळी येणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाणार. तुझं माप कोण घेणार? मला नोकरी लागली आणि पहिला पगार झाला, तेव्हा ठरवलं की तुला बूट घ्यायचे. तू तिकडे काळ्या प्लॅस्टिकच्या, भोकाभोकांच्या बुटांत फिरायचीस, त्याची मला लाज वाटायची. रविवारी मिशनच्या देवळातून आल्यावर तू जेवून आडवी झालीस, तेव्हा हळूच सुतळी लावली. तुझी टाच भेगाळलेली होती. सुतळीचा धागा भेगेत अडकला, तरी तू जागी झाली नाहीस. किती थकून यायचीस ते मला त्या टाचेवरून कळायला हरकत नव्हती, पण माझं सगळं लक्ष गाठीकडे.

आणि मग मी तुला काय आणलं? घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड चामड्याचे, एकेक बूट उचलायला हात भरून यावा असे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी तर दुरूनही नीट पाहिले नव्हते. माझा सपाटीवरचा हिशोब साधा होता: डोंगर अवघड, म्हणजे बूट दणकट हवेत, आणि दणकट म्हणजे जड. मावशीनं एक हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, ह्ये पायात घालायचं हाय का बैलाच्या मानंवर ठिवायचं?" तू मात्र बूट घेऊन उठलीस. ओसरीवर बसून दोन्ही घातलेस, नाडी बांधलीस, दारापर्यंत गेलीस आणि परत आलीस. मी विचारलं, "बसतात का?" तू म्हणालीस, "बरोबर बसतात गं. माझ्या मापाचेच आहेत." तुझा चेहरा तेव्हा इतका खुलला होता की मी त्या महिन्यात भेटेल त्याला ते सांगत सुटले होते.

संध्याकाळी दुकानदारानं पाच-सहा जोड समोर मांडले. त्याचं एकेक वाक्य मला लागत होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. "हलका घ्या मॅडम. दुकानात वजन कळत नाही, दुसऱ्या तासाला पाय उचलताना कळतं." बरोबर आहे. "पावसाळ्यात नुसतं चामडं नको. एकदा भिजलं का तिकडं चार-चार महिने वाळायचं नाव न्हाई. ह्याला आतून अस्तर हाय, पानी शिरत न्हाई, पर वढ्यात वरून पानी गेलं तर मात्र आतच ऱ्हातं, ते ध्यानात ठेवा." म्हणजे तुझी भोकांची प्लॅस्टिकची जोडीच शहाणी होती, पाणी एकीकडून यायचं आणि दुसरीकडून जायचं. "लांबी बघू नका, पंजाची रुंदी बघा." माझ्या सुतळीला रुंदी कुठून कळणार? त्याच्या दुकानात दगड बसवलेली लाकडी उतरण आहे. तिच्यावरून मला दोनदा खाली चालवलं. "उतरताना बोटं पुढं आदळतात का? आदळली तर नखं जातात." तुझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली होती एकदा. मी विचारलं होतं, तू म्हणालीस, पेटी पडली पायावर. दोन्ही पायांवर कशी पडली ते मी विचारलं नाही.

मग तो खाली बसला आणि माझ्या बुटाच्या टोकावर अंगठ्यानं दाबून म्हणाला, "अंगठा हलवा बघू." आई, मला पुढचं काही दिसेना. जूनमध्ये शाळेचे बूट आणले की तू अशीच माझ्यापुढे उकिडवी बसायचीस. बूट मावशीनं आणलेले, पण दाबून बघायचा मान तुझा. त्यासाठी ते शनिवारपर्यंत खोक्यातच ठेवायचे. तुझ्या हाताला स्पिरिटचा वास. "अंगठा हलव. आहे का जागा? खरं सांग, नंतर चावले तर तुलाच त्रास." मी खरं सांगायची, आणि मोठे असतील तर तू पुढे कापूस भरून द्यायचीस. त्या माणसानं दाबलं तेव्हा जाणवलं, की मावशी गेल्यापासून माझ्या पायाला कुणी हात लावलेला नाही. कशाला लावेल म्हणा. मी पाणी मागितलं. त्यानं बाटली दिली आणि बिचारा दुसरा जोड आणायला आत गेला. पण मला दुसरा नकोच होता. हा हलका होता, तळाला खोल खाचा होत्या आणि अंगठा मोकळा हलत होता.

आता जे लिहायचंय ते मी इतकी पानं लांबवत आणलंय. बूट दिल्यावर तिसऱ्या पावसाळ्यातला शनिवार. तू अंधार पडता पडता आलीस, मागच्या दोन खेपांना आली नव्हतीस. मला शाळेत बक्षीस मिळालं होतं, कार्यक्रमाला मावशी येऊन बसली होती, आणि सगळ्या बायका विचारत होत्या, आई नाही आली? मी दारातच तुझ्या पायांकडे पाहिलं. बूट चकचकीत, तळाला चिखलाचा कण नाही. मी म्हणाले, "तुझे बूट तर कोरेच आहेत. एवढं चालतेस तरी कुठे? क्वार्टरमध्येच बसून असतेस ना? मग घरी यायला काय होतं?" मावशी "अगं, तोंड आवर" म्हणाली. तू ओसरीवर बसून नाडी सोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "धुऊन आणते गं." आणि मग, "भाजी काय केलीये?" तेवढंच. मी तेव्हा पंचवीस वर्षांची बाई होते, लहान मूल नव्हते. ते म्हणायची सोय नाही.

पुढच्याच वर्षी तू तापानं गेलीस. तुला पुरल्यानंतर पंधरवड्यानं ती दाई दोन गाड्या बदलून श्रीरामपूरला आली. आधी कधी एवढ्या लांब आली नव्हती. ओसरीवर बसली आणि पिशवीतून तुझे बूट काढले. मी विचारलं, "हे तुमच्याकडे कसे?" तर म्हणाली, "बाईंचं माझ्याकडंच ठिवल्यालं असायचं. रानात त्या प्लॅस्टिकचंच घालायच्या. ह्यानं पाय पार सोलून निघायचं. पर घरला यायच्या दिशी ह्ये पिशवीत घ्यायच्या. फाट्यावर आलं का दगडावर बसायच्या, पाय धुवायच्या, पुसायच्या आन मंग ह्ये घालायच्या. मी म्हनायची, बाई, कशापायी जीवाला तरास? तर म्हनायच्या, पोरीनं पयल्या पगारात घेतल्यात, तिला पायात दिसाय पायजेत." आणि बूट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "येका सोमवारी मातर बाई फाट्यावर उतारल्या आन लई रडल्या. मी इचारलं, काय झालं? तर म्हनाल्या…" आणि मी उठले. "चहा टाकते," म्हणाले. चहाला कधी नव्हे एवढा वेळ लावला, आणि बाहेर आले तेव्हा मावशीबरोबर तिचं पावसापाण्याचं बोलणं सुरू झालं होतं. तिनं परत तो विषय काढला नाही आणि मी काढू दिला नाही. तू काय म्हणालीस, हे त्या एकट्या बाईला माहीत आहे.

म्हणून वर जायचंय. तिला नुसतं बघायला नाही, आई, तिचं ते वाक्य पुरं ऐकायला. तो सोमवार माझ्या त्या शनिवारनंतरचाच असेल का? का दुसरंच काही होतं, एखादी बाळंतीण दगावली होती आणि मी उगाच इतकी वर्षं स्वतःला खात बसले? दोन्ही असू शकतं. तू माझी तक्रार तिच्यापाशी केली असशील, किंवा केली नसशील, आणि न केलेलीच मला जास्त जड जाईल असं वाटतं.

नवे बूट घरात घालून फिरते मी. दुकानदारानं सांगितलंय, आठवडाभर घरात वापरा, मगच डोंगराला न्या. स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत, दारातून परत. खालची शेजारीण परवा वर आली, "मॅडम, कोणी पाहुणे आलेत का? पायांचा आवाज येतो," म्हणाली. नाही, मीच, म्हणून सांगितलं. तिला बरं वाटलं असतं पाहुणे असते तर, आणि मलाही. नंतर कपाटातून तुझे ते जुने बूट काढले. चामडं कडक झालंय, पण तळ अजून तसेच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पायात घातले. लांबीला ठीक बसले, आपले पाय सारखेच. स्वयंपाकघरातून निघाले आणि दारापर्यंत गेले. करंगळीपाशी असा दाब आला की परत येताना भिंत धरावी लागली. तू हे घालून फाट्यापासून संगमनेर, संगमनेरहून श्रीरामपूर येत होतीस, धुतलेल्या, सुजलेल्या पायांवर, आणि दारात मी उभी.

हे पत्र तुझ्या बुटांच्या खोक्यात ठेवीन, त्याला दुसरी जागा नाही. तिकडून सुनेचा फोन दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा मी गुडघ्याचं कारण सांगितलं. या रविवारी पुन्हा आला. "म्हातारी लई वाट बघती. कदी येताव?" तिनं विचारलं. मागून म्हातारीचा आवाज येत होता, ती काहीतरी सांगत होती, आणि मी घाईनं म्हणाले, "नवे बूट चावतात हो. जरा सैल झाले की येते."

चावत नाहीत, आई. पहिल्या दिवसापासून बरोबर बसतात.