आयेची सात पुटं

मुंबई, ता. २ जून १९६४

ती. अक्कास,
लवूचा शि. सा. न. वि. वि.

रातांब्याची सालं पोचली. आमच्या प्रयोगशाळेत साहेबांनी नवीन यंत्र आणलंय. त्याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, फाटकावरचं कुत्रं मात्र भुंकतं. भांड्यात कोकमाची सालं नि पाणी घालून यंत्राची दांडी बुडवायची, की त्या आवाजाने सालीतला औषधी रंग अर्ध्या तासात बाहेर!

पण घोटाळा झालाय. तुमच्या सालांनी साहेबांच्या अंदाजाच्या चौपट रंग दिला. साहेब नाचायचे तेवढे राहिले. पंधरा तारखेला अहवाल दिल्लीला जाणार. मी लिहिलं होतं, सालं नुसती वाळवा, रसाचं पुट नको, नाहीतर रसाचाच रंग मोजला जाईल. आयेने ऐकलं ना? अहवाल खोटा ठरला तर साहेबांचं हसं होईल आणि ते मला घालवतील. तशी माझी नोकरी प्रयोग संपेपर्यंतचीच. आजवर तीन नोकऱ्या मी सोडल्या, ही मला सोडेल.

उलट टपाली खरं ते कळव. माया कोरडी पडू देऊ नकोस.

तुझा लवू

कसाल, ता. ८ जून

चि. लवूस, अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आयेला दोनदा वाचून दाखवलं होतं. तिने मान हलवली आणि सालं सात वेळा रसात भिजवून सात वेळा वाळवली! विचारलं तर म्हणते, सायबाक सुकी टरफलां धाडूक आमी काय भिकेक लागलंव? त्यातली निम्मी तुझ्या आमटीसाठी होती. ती यंत्रात घातलीस म्हणून आये रुसून बसली आहे.

साहेबांना सांगून टाक रे बाबा. घालवलंच तर घरी ये, माडांना पाणी घालायला माणूस नाहीच. आणि त्या कुत्र्याला भाकरी घाल, ऐकून ऐकून दमलं असेल.

जिवाला जप, आठवण ठेव.

तुझी अक्का

मुंबई, ता. १६ जून

ती. अक्कास, शि. सा. न.

काल सांगितलं. साहेब अहवालावर सही करत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, मग चष्मा. विचारलं, सात वेळा, कुठल्या यंत्राने? मी म्हटलं, उन्हाने. त्यांनी अहवाल फाडला. खूप रागावले, पण इंग्रजीत, त्यामुळे मला फारसं लागलं नाही. मग म्हणाले, साधी सालं मागव. मी सांगितलं, हंगाम सरला, आता पुढच्या वैशाखात. म्हणजे प्रयोग वर्षभर संपत नाही, आणि माझी नोकरीही!

आयेला सांग, रुसवा सोड, तुझ्या पुटांनी लेकाला वर्षभर पोसलं. मात्र पुढच्या वैशाखात सालं वाळेपर्यंत तिला मामाकडे ठेव. मामाकडे रातांबे नाहीत ना, तेवढं आधी बघ.

थोरांस नमस्कार, तुझा लोभ आहे तसाच ओला राहो.

तुझा लवू