शेवटच्या बाकांवरची दोरी

तीर्थस्वरूप मामांस,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झाल्याचं कळलं. आता त्यांना तुमच्या शर्टावरचे डाग दिसू लागतील, तेव्हा जरा जपून. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त चर्चमध्ये दोन तट पडले आहेत.

झालं असं, की रविवारची हजेरी एकेचाळीसवर आली (डुलक्या काढणारे धरून). म्हणून आमचे तरुण पाळकसाहेब मंडळीच्या वाढीच्या शिबिराला गेले आणि ही जाडजूड फाइल घेऊन परतले. फाइलीचं म्हणणं, नवखा माणूस बिचकता कामा नये. म्हणून महिनाभराच्या प्रयोगासाठी पाटीवरच्या ‘लुथरन’ या आपल्या पंथाच्या नावावर कापड आलं, ऑर्गनवर खोळ चढली, गिटार आली आणि उपासनेच्या सुरुवातीची पापकबुली बंद झाली. आल्या आल्या पाहुण्याला पापी म्हणणं बरं दिसत नाही म्हणे! मी पडलो बावीस वर्षं ऑर्गन वाजवणारा. बैठकीत स्पष्ट विचारलं, की आपण जे मानतो तेच झाकायचं तर लोकांना बोलवायचं कशाला? त्यावर वाढीच्या बाजूचा आपला बेकरीवाला म्हणाला, “अरे, पण माणसंच उरली नाहीत तर मानणार कोण?” त्याचं अगदीच चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. येत्या रविवारी उपासनेनंतर मतदान आहे. कापड, खोळ आणि कबुली, तिन्हींचा कायमचा निकाल. आमच्या बाजूचं भाषण माझ्याकडे आहे.

फाइलीत असंही होतं, की पुढचे बाक रिकामे दिसले तर नवखा माणूस दारातूनच परततो. आपली मंडळी तर पिढ्यान्‌पिढ्या मागून भरत येणारी. म्हणून शेवटच्या चार रांगांना दोरी बांधली. परवा लोक आले आणि दोरी बघून थबकले. ती ओलांडणं नियमात बसेना, पुढे बसणं स्वभावात बसेना. शेवटी अख्खी मंडळी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि पाळकसाहेब रिकाम्या बाकांना शेजाऱ्याशी हात मिळवायला सांगू लागले.

तेवढ्यात खरोखरच एक नवखी बाई आली! नर्सच्या गणवेशात, ड्यूटीवरून थेट. स्वागत समितीचे सहाही जण तिच्यावर तुटून पडले. एकाने कॉफी पुढे केली, दुसरीने फॉर्म, बेकरीवाल्याने पेन. तिने शांतपणे दोरी उचलली, शेवटच्या बाकावर बसली आणि मला हळूच विचारलं (खोळीमुळे मी बेकार, तिथेच उभा होतो), “तुमच्यात सगळे मिळून ‘आम्ही चुकलो’ म्हणतात ना, ते कधी असतं? माझ्या हातून एक चूक झालीय. एकटीला म्हणवत नाही.”

मामा, मी बेकरीवाल्याच्या कानात एवढंच म्हटलं, की बाईंना पापकबुली हवी आहे. निरोप पुढे पोचला. पाळकसाहेबांनी फाइल मिटली आणि कबुली सुरू केली. भिंतीजवळची सगळी माणसं एका सुरात म्हणाली. मीही ती खणखणीत आवाजात म्हटली. क्षमेचे शब्द ऐकून ती रडली आणि फॉर्म कोराच ठेवून गेली. आता वाढवाले म्हणतात, ती कापडामुळे आत आली. आम्ही म्हणतो, कबुलीसाठी आली. (कॉफी तिने घेतली नाही, हे मी भाषणात घालणार आहे.)

मामींना नमस्कार सांगा. गुडघा शेकत राहा.

तुमचा भाचा

ता. क. दोरी आमच्याच घरची होती आणि गाठी मी मारल्या होत्या. मागच्या रांगा संथ गाऊन गाणं मागे ओढतात, बावीस वर्षं सोसलं आहे मी. हे आमच्या बाजूच्या लोकांना ठाऊक नाही.

आणखी एक, आणि पत्राचं खरं कारण हेच. मी खणखणीत म्हटल्या त्या पहिल्या तीन ओळी. इतकी वर्षं कबुली चालू असताना मी पुढच्या गीताचं पान शोधत आलो, त्यामुळे पुढचं येतच नाही. ती बाई माझ्या तोंडाकडे बघून म्हणत होती. मी थांबलो, तीही थांबली. जाताना विचारून गेली, “पुढच्या रविवारी तुमच्या शेजारी बसले तर चालेल ना?” मी हो म्हणालो. चर्चमधली उपासनेची पुस्तकं प्रयोगापुरती कपाटात बंद आहेत आणि किल्ली बेकरीवाल्याकडे, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागू? तेव्हा लहानपणी ज्या पुस्तकावरून तुम्ही माझा कान पिळायचात, ते शनिवारच्या आत पाठवा. भाषणाचं काय ते मी बघतो, पण तिला अर्ध्यावर सोडवत नाही.