तळ्यातली निवड

उदगीर,
४ मे १९८६

प्रिय अण्णा,
शरणार्थ. अव्वा आणि मी, आम्ही दोघी ठीक आहोत. तिकडे इचलकरंजीत मागावर उभं राहून तुझे पाय सुजत असतील. नाहीतरी तुला एका जागी उभं राहायची सवय आहेच, निदान ती तरी कामाला आली.

इथे पाण्याचे हाल आहेत. आड मार्चमध्येच आटला. टँकर एक दिवसाआड येतो, तोही मठापाशी थांबतो. तिथून घागर डाव्या कडेवर घेऊन मी सहा खेपा करते. तळं तर कोरडं ठणठणीत आहे, त्यामुळे सरावाला मैदान मात्र मोठं झालंय.

पत्र लिहिण्याचं कारण सरावाचंच आहे. अठरा तारखेला लातूरला जिल्ह्याच्या तिरंदाजी संघाची निवड आहे, आणि गेल्या महिन्यापासून माझा डावा खांदा वर चढतोय. दोरी ओढली की कानाला लागतो. अप्पा सांगायचे तसं सगळं करते. धनुष्य आवळत नाही, पूजेला तळहातावर इष्टलिंग धरतो तसं सैल धरते. हाताने न ओढता पाठीने ओढायला बघते. पण पाठीवरची फऱ्याची हाडं जवळ येतात की नाही तेच मला कळत नाही. पाठ बधिर झाल्यासारखी वाटते. तुझ्या पाठीच्या मधोमध बोट ठेवून अप्पा म्हणायचे, "माझं बोट चेंगर." तू चेंगरायचास. ते कसं करायचास, ते लिहून कळव.

तुला वाटेल, ही अप्पांना का विचारत नाही.

अण्णा, जिल्हा वेगळा झाला आणि आपला स्वतःचा संघ निघाला, इथे तळ्यात झालेल्या त्या पहिल्या निवडीत निवडणाऱ्या अप्पांनीच सगळ्यांसमोर तुला बाहेर काढलं. "खांदा वर हाय, घरचा असला म्हणून घ्यायचा न्हाई," म्हणाले. तू रात्रीच्या गाडीने गेलास आणि जाताना म्हणालास, "हे मेले तरी मला कळवू नका." मी दारात उभी होते.

या मार्चमध्ये अप्पा तळ्याच्या बांधावर त्यांच्या नेहमीच्या जागी, उतारावर बसून माझा सराव बघत होते. म्हणाले, "रुद्राणे, तुझाबी खांदा वर गेला बघ." मग हळूहळू खाली उतरले. तळं आटून तळ सपाट झालाय, तिथे माझ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ बघितलं. माझा खांदा सरळ होता. पुन्हा बांधावर जाऊन बसले, पुन्हा खाली आले. मग मातीतच बसले आणि म्हणाले, "त्या दिवशीबी मी त्या बांधावरच बसलो होतो. वीरभद्राचा खांदा सरळ होता. मीच कलतीवर बसलेलो."

घरी येऊन त्यांनी मला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. पोस्टात टाकलं नाही.

तुझ्या बोलण्याचा राग होता, हे खरं आहे. पण त्याहून खरं असं की तू गेल्यापासून तीन वर्षं अप्पा माझ्या मागे उभे राहत होते. तू आलास की पुन्हा तुझ्या मागे उभे राहतील, असं मला वाटलं. याची मला लाज वाटते.

त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा रोज विचारायचे, "पत्र टाकलीस का गं?"
"टाकलं, अप्पा."
"उत्तर न्हाई आलं?"
"डाक लई हळू हाय."

बारा एप्रिलला सकाळी अप्पा गेले. अव्वाने मला तार करायला पाठवलं. मी फॉर्म भरला आणि तसाच घेऊन परत आले. तू आला असतास तर पहिलं हेच विचारलं असतंस, की अप्पा माझ्याबद्दल काही म्हणाले का. माती द्यायच्या आधी सगळे संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघत थांबले. अव्वाला अजून वाटतंय की तार पोचली आणि तू मुद्दाम आला नाहीस. तिला आज सांगणार आहे.

आपल्या रीतीप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. मठाच्या स्वामींनी त्यांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. सगळे रडत होते आणि मी खांदा बघत होते. एकदम सरळ होता, खाली, सैल. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तू ये, असं म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही. अव्वासाठी आलास तर बरं होईल. तुझ्या धनुष्याला अप्पांनी स्वतः तेल लावून ठेवलंय, दोरी उतरवलेली आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

सोबत अप्पांचं पत्र आहे. अक्षर माझं असलं तरी शब्द त्यांचे आहेत, खाली त्यांची सही आहे. वीस मार्चची तारीख बघून मला जे म्हणायचं ते म्हण. खांद्याचं मात्र कळव, पाठीवर बोट ठेवायला आता कोणी नाही.

दोन पत्रं एका पाकिटात घालणारी,
रुद्राणी