समोवारपाशी कोण बसणार

४ नोव्हेंबर १८८३, कुंगूर

गेला! समोवार गेला माझ्या हातातून. आई गेल्यापासून एकवीस वर्षं या घरात त्या तोटीच्या बंबापाशी बसून चहा मी ओतला. आज भावाने, परफीरीने, नव्या बायकोला माझ्या खुर्चीवर, समोवारपाशी बसवलं. म्हणे, घरची मालकीण आता ती, ताई.

अख्खं गाव चहाच्या पेट्यांवर श्रीमंत झालेलं, आणि ही पेर्मची कापितोलिना चहा करते तो भांडी विसळलेल्या पाण्यासारखा.

७ नोव्हेंबर

पेला भरताना आत बोट घालते! आमची मोलकरीणसुद्धा असं करायची नाही.

११ नोव्हेंबर

पाद्र्यांच्या बायकोसमोर विचारलंच तिला, बोटं धुवायला घरात दुसरं पाणी नाही का? लालबुंद झाली. पुन्हा बोट घातलं नाही. या बयेला अक्कल मीच शिकवायची!

१४ नोव्हेंबर

उद्यापासून नाताळआधीचे उपास, म्हणून आज मोठा चहा. नऊ माणसं. लोक पोटभर पिऊन झाल्यावर पेला बशीवर पालथा घालतात— मी पहिलाच, कोरडा, पालथा घालून तिच्यापुढे सरकवला. तुझ्या हातचा नको म्हणजे नको! सगळे बघत राहिले. आणि ही? बशी उचलून समोवारच्या तोटीखाली धरली आणि पालथ्या पेल्यावर उकळतं पाणी सोडलं! सगळं माझ्या मांडीवर. एवढा माज!

परफीरी पांढराफटक पडला. उद्या दुपारी गाडी जोडतो, बापाकडे चालती हो, म्हणाला.

मांडी पोळलीय. पण खुर्ची माझी!

१५ नोव्हेंबर, सकाळ

जाताना तिचं तोंड बघावं म्हणून खोलीत गेले. चाचपत ट्रंक भरत होती. माझ्या आवाजाकडे वळली, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे.

"वन्सं, काल पेला पालथा होता का हो?"

दोन वर्षं झाली, म्हणाली, दिसणं कमीकमी होत चाललंय. लग्न मोडेल म्हणून बापाने लपवलं.

"यांना सांगू नका. मला कायमचं माहेरी ठेवतील."

१६ नोव्हेंबर

काल गाडी दारात आली तेव्हा परफीरीला सांगितलं— ती बशी बाजूला ठेवत होती, धक्का मीच दिला तिच्या हाताला. त्याने गाडीचे घोडे सोडवले. तो माझ्याशी बोलत नाही.

आजपासून तिच्या शेजारी बसते. पेला भरत आला की टेबलाखालून तिचा गुडघा दाबते.