फिटिंगला हात लावायचा नाही

५ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. नोकरी सोडून आठवडा झाला आणि मी अजिबात घाबरलेलो नाही. स्वतःचा स्ट्रीटवेअर ब्रँड काढणारा माणूस घाबरत नसतो. काल सासऱ्यांनी फोनवर फार प्रेमाने विचारलं, की जावईबापू, हे कपड्यांचं नाही जमलं तर एप्रिलपासून आमच्या प्लायवूडच्या दुकानात बसाल ना? मी हसत हसत हो म्हणालो. फोन ठेवला तेव्हा हातपाय गार पडले होते. पंखा फार जोरात होता.

९ फेब्रुवारी
बाकीचे लोक लोगो आणि प्रिंटच्या मागे लागतात. साफ चूक. फिट हेच सगळं. खांदा बसला की टीशर्ट बसतो, टीशर्ट बसला की ब्रँड बसतो. हे वाक्य भिंतीवर लावायचं.
जगात मला एकच टीशर्ट परफेक्ट बसतो. माझा जुना राखाडी. वर्षानुवर्षं ऑफिसला तोच घालून गेलो. तो उसवायचा, तुकडे खाकी कागदावर ठेवायचे, पॅटर्न तयार. बायको म्हणाली, तो मी फरशी पुसायला काढून ठेवला होता. दुर्लक्ष केलं.

११ फेब्रुवारी
उसवला. आता तो पुन्हा अंगावर येणार नाही हे उसवून झाल्यावर लक्षात आलं. 
बायको तुकड्यांवर वाकून म्हणाली, याचा उजवा खांदा ओघळलाय, कागद दुमडून दोन्ही बाजू सारख्या करून घे. तिला फिट म्हणजे काय ते समजावलं. तिकडे शिंपीमास्तरही कागद दुमडायलाच निघाले होते! फिटिंगला हात लावायचा नाही, असं ठणकावून सांगितलं. मास्तर म्हणाले, बरं. इतक्या पटकन बरं म्हणाले की जरा काळजी वाटली.

१८ फेब्रुवारी
सॅम्पल आलं. आरशासमोरून हलवेना. देखणं! सगळा लॉट कापायला सांगून टाकला.
बायकोचं म्हणणं, आधी दुसऱ्या कुणाला तरी घालून बघ. वेळ कुठे आहे? दुसऱ्याने घातलं तर काय होईल याची भीती वाटते, हे खरं कारण. पण ते फक्त इथे.

२७ फेब्रुवारी, रात्री
लॉट घरी आला. पलंगावर बसायला जागा नाही.
दादाला एक घालायला दिला. डावी बाजू मानेवर चढली, उजवीकडे नुसता घोळ. म्हटलं, नीट उभा राहा. तो नीट उभा राहिला आणि आणखी बिघडलं. मग म्हटलं, जरा उजवीकडे झुक. झकास!
निदान: दादाच्या शरीराची ठेवण चुकलेली आहे. वहिनीचीही. शेजारच्या काकांचीही.
संध्याकाळी रस्त्यावर लोकांचे खांदे बघत फिरलो. सगळ्यांचे सरळ. एवढी माणसं एकदम कशी बिघडली? रिक्षा करून घरी आलो.

४ मार्च
फोटोसाठी डमी आणली. टीशर्ट घातला. तिरका. डमीला झुक म्हणून सांगताही येत नाही. तिला डोकं नाही, तरी ती माझ्याकडे बघते असं वाटतं. वरून चादर टाकली. चादर दोन्हीकडे अगदी सारखी पडली. ते बघून जास्तच घाबरलो आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो.

६ मार्च
उपाय सापडला. डमीच्या स्टँडखाली डावीकडून पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या. आता फोटो उत्तम येतात. फक्त मागचं कपाट वाकडं दिसतं. कपाट हलवलं.

१४ मार्च
कपड्यांच्या एका मोठ्या दुकानासाठी माल निवडणाऱ्या बाईंना फोटो आवडले. परवा स्वतः बघायला येणार. त्यांनी हो म्हटलं की माल थेट त्यांच्या दुकानात आणि प्लायवूडमधून कायमची सुटका. जीव नुसता टांगणीला लागलाय. जेवण जात नाही.
घरच्यांना उजवीकडे झुकून उभं राहायची तालीम दिली. दादाच्या पाठीत उसण भरली. हल्ली कुणाला कष्टच नकोत.

१६ मार्च
बाई आल्या. दारातून आत बघून त्यांनी विचारलं, की सगळ्यांना एकदम काय झालंय? कुणी सरळ व्हायच्या आत मी सगळ्यांना डोळे वटारले.
बाईंनी एक टीशर्ट स्वतः चढवला, आरशात बघितलं. मग टेप मागितली आणि टीशर्ट सोडून माझेच खांदे मोजायला लागल्या! म्हणाल्या, उजवा चांगलाच खाली आलाय, ऑफिसची बॅग याच खांद्याला असायची ना? म्हणाल्या, कापड चांगलं, शिलाई चांगली, जगात एका माणसाला हा टीशर्ट अप्रतिम बसतो, त्यालाच सगळे विका.
मी मोठ्याने हसलो. कुणीच हसलं नाही. बाई गेल्यावर बायको टीशर्ट घड्या घालून ठेवत राहिली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी घाबरलोय. सरळ लिहितो, खूप घाबरलोय.

२० मार्च
गेले तीन दिवस उगाच घाबरण्यात घालवले. बाईंना मेसेज पाठवला, की हे मुद्दाम तिरकं कलेक्शन आहे, जग अजून तयार नाही. उत्तर विचार करून देणार असतील.
फोन वाजला. धावत जाऊन उचलला. सासरे होते. एक तारखेला किती वाजता येताय, असं विचारत होते.

१ एप्रिल, जेवणाच्या सुट्टीत
प्लायवूड. तात्पुरतं. मार्केट रिसर्च म्हणून.
दुकानात भुसा फार उडतो म्हणून सासऱ्यांनी अंगावर घालायला स्वतःचा जुना कोट काढून दिला. तरुणपणी नमुन्यांची जड बॅग उजव्या खांद्याला लावून ते हाच कोट घालून दारोदार फिरायचे. मी म्हणालो, मला नाही बसणार, माझ्या फिटच्या कल्पना वेगळ्या आहेत. त्यांनी आग्रहाने चढवला.
खांदे जिथल्या तिथे. कुठे घोळ नाही, कुठे चुणी नाही. सासरे मागे सरून बघत राहिले, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, जावईबापू, तुमच्याच मापाने बेतलाय असं वाटतंय.
आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.