रमच्या पिंपात मुरलेली

प्रिय बिरुदेव,

तुझी आयर्लंडची बाटली पोचली आणि रिकामीही झाली. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून बसून लिहितेय. तिकडं जाऊन लई शहाणा झालास तू. अण्णांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून दारू सोडली होती, हे तुला ठाऊक होतं. त्याच वर्षी त्यांच्या माराने आईच्या कानाचा पडदा फाटला होता, तेही ठाऊक होतं. तरी तू त्यांना पटवलंस, की शपथ दारूची होती, ही सोळा वर्षं मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की, ही दारूत मोडत नाही.

त्या रविवारी मी गावी मंद्रूपलाच होते. भर दुपारी व्हिडिओ कॉलवर तू अण्णांना शिकवत होतास, आधी ग्लास फिरवा, वास घ्या, मग घोट जिभेवर ठेवा. अण्णांनी सवयीनं बोट बुडवून जमिनीवर थेंब शिंपडले. ते थेंब पडले की आपण दोघं कडब्याच्या गंजीमागं पळायचो, आठवतं का तुला? भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. अण्णा घोट घेऊन म्हणाले, "बिरू, ह्यात उसाच्या मळीचा वास येतोय की. ही तर रमच हाय." तू हसलास, रमच्या पिंपात मुरवलीय म्हणून कौतुकानं सांगितलंस. तेवढ्यात तिकडं तुझी बायको ऋतुजा तुझा ग्लास घेऊन आली. घरात असून काळा गॉगल, डोळे आलेत म्हणाली. ग्लास ठेवताना तिनं तुझ्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं नाही. मला काही कळलं नाही. आईला कळलं.

कॉल बंद झाल्यावर अण्णा पीतच राहिले. आई एवढंच म्हणाली, "देवाचा भंडारा उचलला व्हता की वो." अण्णांनी तिचे केस धरून तिचं डोकं चुलीच्या कडेवर आपटलं. कपाळ फुटलं, परातीतल्या पिठात रक्त पडलं. ते लाथ घालायला पाय उचलत होते, तेव्हा मी दारामागची मेंढरांची काठी घेतली आणि त्यांच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. मग परत हाणली. मला वाईट वाटत नाही, वाटणारही नाही. तुझी ती व्हिस्की पिंपात मुरत होती तेवढी वर्षं ह्या माणसाचा रागही आत मुरतच होता, आणि आम्ही समजत होतो तो गेला. अण्णा आता प्लास्टरमध्ये आहेत, चुलते बघतात त्यांच्याकडं.

आईला सोलापूरला माझ्या घरी आणलंय. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात टाके पडले. ती परत मंद्रूपला जाणार नाही.

टाके घालतानाही माझा हात धरून ती एकच बोलत होती, "माझं ऱ्हाऊ दे, त्या पोरीला फोन लाव." लावला. ऋतुजा आधी डोळे आलेत हेच धरून बसली. मग आईनं तिला विचारलं, "बिरू बी थेंब शिंपडतो का गं?" आणि ती रडायला लागली. किती वेळ रडत होती. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर ती इथं आईच्या ताटात जेवत असेल. तिला न्यायला येऊ नकोस. काठी मी येताना बरोबर आणलीय.

तुझीच,
हेमाक्का